ओकखालचे बिल्ले

धातू शोधणाऱ्या यंत्राचा कानात टुणकन आवाज उठला तशी डेल्फीन कोसार गुडघ्यांवर बसली. अमेरिकेतल्या टोलीडो शहराच्या हार्मन पार्कात, तळ्याकाठच्या ओकखाली, तिनं गवताची चकती कापून अलगद उलटली. चांदीचं नाणं असेल असं वाटलं होतं. निघाला सैनिकाच्या गळ्यातला, नाव कोरलेला बिल्ला. अंगठ्यानं माती पुसली तर नाव शाबूत होतं. लेलंड ट्रिप.

डेल्फीनच्या पायाला भिंगरी होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात सगळा जन्म उभ्यानं गेला. निवृत्त झाली आणि घर खायला उठलं. टीव्हीसुद्धा उभ्यानंच बघायची. धाकटी बहीण रॉबर्टा म्हणायची, "मेल्यावर तुला पेटीत झोपवायचं कसं, हाच मला घोर आहे." शेवटी तिनंच हे धातू शोधायचं यंत्र आणून दिलं. तेव्हापासून डेल्फीनचा दिवस पार्कात जाई. जुनी नाणी, बटणं, कुणाच्या कानातलं. सहा इंचांखाली खणायला पालिकेची मनाई होती, आणि ती तिनं कधी मोडली नव्हती.

नाव हाती लागल्यावर तिला चैन कुठलं पडायला! ट्रिप आडनावाच्या दोन भलत्याच माणसांकडे चौकशी करून ती पार्कामागच्या गल्लीतल्या दाराशी पोचली. उंच, पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्यानं दार उघडलं. तिनं रुमाल उलगडून धरला. वाटलं होतं, याचे डोळे भरून येतील. निदान कॉफी तरी विचारील.

त्यानं आणखी वाकून बिल्ल्यावरचं नाव वाचलं. मग म्हणाला, "ओकखाली?"

"हो. कुठं हरवला ते आठवतंय तुम्हाला?"

"हरवला नव्हता, बाई. व्हिएतनामहून आलो, तेव्हा घरी जायच्या आधी तिथं फेकून गेलो." मग त्यानं विचारलं, "दुसरा नाही मिळाला? दोन असतात."

"नाही."

"बरं झालं." रुमालाची टोकं त्यानं आपल्या हातानं पुन्हा दुमडली. "राग नका मानू. पण पुन्हा कुणी हे माझ्या दारात आणू नये, एवढं बघा."

घरी आल्यावर ती टेबलाभोवती घिरट्या घालत राहिली. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. जित्या माणसाचं नाव अंड्यांच्या टरफलांत कसं टाकायचं? शिवाय दुसरा बिल्ला अजून तिथंच असणार. रविवारी हौशी मंडळी यंत्रं घेऊन पार्कात उतरणार. त्यांतलं कुणीतरी भलं माणूस तिच्यासारखंच त्याचं दार वाजवणार.

शनिवारी ती उजाडताच ओकखाली गेली. बुंध्याभोवती फिरून फिरून खांदा भरून आला, सँडविच तसंच राहिलं. दुपार कलल्यावर मुळांच्या बेचक्यात दुसरा बिल्ला बोलला.

मग तिनं खड्डा घेतला. सहा इंचांवर दोन्ही ठेवून माती लोटली आणि वरून यंत्र फिरवलं; खणखणीत वाजलं. पुन्हा उपसलं, आणखी खाली गेली. पुन्हा वाजलं. येणारे-जाणारे बघत होते, पण तिनं मान वर केली नाही. हात कोपराच्याही वर मातीत जाईतो ती खणत राहिली.

या खेपेला यंत्र गप्प राहिलं. तिनं ते उलटसुलट फिरवून पाहिलं. काही नाही.

गवताची चकती जागेवर बसवून तिनं तळव्यांनी दाबली. बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. घसा कोरडा पडला होता तरी तिनं ते त्या गवतावर ओतलं, मुळं धरावीत म्हणून.