शेवटच्या थांब्याचं गाणं

बस तुम्ही दिली नाही, साहेब. बस तुम्ही बंद केली होती. दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलून न्यायची आणि चार वर्षांनी परत आणून ठेवायची, अशा माणसाला आमच्याकडे दाता म्हणत नाहीत. काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, कारण ही गोष्ट लेकीबाळीही वाचतील.

बरं, परत आणलीत तर गुपचूप आणावी! तुम्ही वर हार मागितला. हारावर भागलं नाही म्हणून मंडप मागितला. मंडपावर भागलं नाही म्हणून गाणं मागितलं! आणि तेही कोणाकडून? जिचं कॉलेज तुमच्या मेहेरबानीनं सुटता सुटता राहिलं, त्या पिंकीकडून.

नागरिकहो, ही गोष्ट त्या गाण्याची आहे.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून आमच्या साजाटोल्याला यायचं तर शेवटचा रस्ता जंगलातून येतो. दोन्ही बाजूंना साग, मधे नाल्यावरचा बुटका पूल, म्हणजे रपटा, आणि रपट्यापाशी वाघ. वाघ दिसला तर गावात बातमी होत नाही. बरेच दिवस दिसला नाही तर लोक काळजीनं विचारतात. अशा रस्त्यावरची संध्याकाळची बस साहेबांनी एका सहीनं बंद केली. म्हणे प्रवासी कमी. कमीच असणार! पोरींशिवाय त्या वेळी कॉलेजातून येणार कोण? आणि पोरी म्हणजे प्रवासी थोड्याच असतात!

चंचलचं शिक्षण त्याच वर्षी संपलं. पिंकीची ती जिवलग मैत्रीण, वर्गात पहिली येणारी. बापानं सांगितलं, "अंधारात रपट्यावरून यायाचं नाई." पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावलं चामोर्शीकडे. असं एकेका घरात होत गेलं. आणि सोमाजीची जीप नसती तर पिंकीच्याही घरात झालं असतं.

पण ते नंतर. आधी भैयाजी आला.

भैयाजी म्हणजे साहेबांचा गावातला माणूस. पांढरे बूट, हातात दोन फोन. अंगणातली खुर्ची स्वतःच ओढून बसला.

"पिंके, तू ते रॅप-गिप करते म्हणते?"

"करते."

"मंग झालं तर! रविवारी साहेब येऊन राह्यले. बसचा सोहळा आहे. दोन मिनटाचं आभाराचं रॅप बसव. साहेबाचं नाव तीनदा आलं पाह्यजे. सुरुवातीले, मधी अन् शेवटी."

"अन् नाई केलं तं?"

भैयाजी हसला. असं हसू पेरलेल्या धानात शिरलेल्या डुकराला शोभतं.

"तसं काई नाई वो. पण बस सध्या ट्रायलवर आहे, समजून घे. गावाची भावना कशी आहे, वरचे पाहून राह्यले. भावना चांगली दिसली तं बस राहीन. नाई दिसली तं..." त्यानं बुटावरची धूळ झटकली. "बस गेली ना, तं तुह्यासोबतच्या पोट्ट्याच तुले शिव्या देतीन. आमी कायले बोलू?"

तो गेला, आणि पिंकीनं ती खुर्ची लाथेनं पाडली.

मीराबाई, म्हणजे पिंकीची आई, राईस मिलमधून आली तेव्हा खुर्ची तशीच पडलेली होती. केसांत भुसा, डोळे लाल. पिंकीनं एका दमात सगळं सांगितलं. "मी जातच नाई! आभार? कायचे आभार? या दुनियेत मले कोणाचेच आभार मानायचे नाई. आभार मानणं म्हणजे भीक मागणं!"

मीराबाईनं आधी खुर्ची उचलली. मग त्याच खुर्चीवर बसून केसांतला भुसा झाडू लागली.

"कोणाचेच नाई?"

"कोणाचेच नाई."

"सोमाजीचेबी नाई?"

पिंकीचं दुखणं आईनं बरोबर हेरलं होतं.

बस बंद झाली तेव्हा सोमाजीनं आपली जुनी काळी-पिवळी जीप कॉलेजच्या गेटवर उभी करायला सुरुवात केली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पोरी येईपर्यंत जीप हलायची नाही. एखादीचं प्रॅक्टिकल लांबलं तर बाकीच्या कुरकुरायच्या. पिंकी सगळ्यांत जास्त. "ही काय गाडी आहे का कोंबड्याचा खुराडा? सीट फाटली, डिझलचा वास मारून राह्यला!" सोमाजी म्हणायचा, "वास मारते, पण चावत नाई ना? बस."

गाणी पिंकीच्या पेनड्राइव्हमधली. सोमाजीनं पहिल्यांदा रॅप ऐकलं तेव्हा आरसा सारखा करून मागं पाहिलं. "पोरी, हे गाणं आहे का शेजाऱ्याचं भांडण?"

"भांडणच आहे, सोमाभाऊ. पण तालात आहे. गरीब वस्तीतले पोट्टे आपल्या गल्लीचं, आपल्या माणसाचं नाव घेऊन बोलतात."

"तालात भांडाले अक्कल लागते. वाढव आवाज."

आवाज वाढवण्यामागं त्याचा आणखी एक हिशेब होता. गलबला असला की वाघ रस्ता सोडतो. रपटा यायचा आणि सोमाजी काचा खाली करून सगळं जंगल हलवून सोडायचा. पुढं फाट्यावर पोरींच्या माया, म्हणजे आया, टेंभे पेटवून उभ्या असायच्या.

पण शेवटच्या थांब्यासाठी त्यानं दुसरं गाणं राखून ठेवलं होतं. त्यातली बाई अमेरिकेतली, काळी, भरदार आवाजाची. सोल म्हणतात त्या गाण्याला. शब्द सोमाजीला कळत नव्हते. "ही रडून राह्यली का प्रार्थना करून राह्यली?"

"दोन्ही. त्या लोकाइच्या आज्या-पणज्या दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होत्या, सोमाभाऊ. गुलाम होत्या. गाणं त्याइचंच. आधी हुंदका येते, मंग ज्यानं हात धरला त्याचे आभार येतात."

"कापूस वेचणाऱ्या बाया? मंग आपल्याच की वो!"

तेव्हापासून ते गाणं शेवटच्या थांब्याचं झालं. पिंकीचं घर टोल्याच्या, म्हणजे वस्तीच्या टोकाला, तिथवर जीप जात नाही. सोमाजी जीप पायवाटेच्या तोंडाशी तिरपी उभी करायचा, लाइट वाटेवर धरायचा, गाणं मोठं करायचा. पिंकी घरी पोचून दारातला बल्ब दोनदा लावून विझवायची, तेव्हाच लाइट वळायचा.

आणि मग बस आली. हार, नारळ, गुलाल. पोरी पहिल्यांदाच खिडकीत बसून फोटो काढत आल्या. सोमाजीला सांगायचं राहिलं. एकीलाही आठवलं नाही. पिंकीलाही नाही.

तो गेटवर थांबला. अंधार पडला, वॉचमननं गेट लावलं, तरी थांबला. मग वाटेत कुठं पायी निघाल्या असतील म्हणून काचा खाली करून, गाणं लावून, हळूहळू, झुडपाझुडपांत लाइट मारत आला. पिंकी जेवत होती. लांबून ते गाणं आलं आणि तिचा घास हातातच राहिला. तिला सगळं समजलं. उठून बाहेर जायचं होतं. लाजेनं गेली नाही. बाहेर सोमाजी कोणाला तरी विचारत होता, "पोहचल्या ना पोट्ट्या? सगळ्या पोहचल्या? बरं झालं ना बाप्पा!"

दुसऱ्या दिवसापासून जीप चिंचेखाली उभी. चाकातली हवा उतरलेली.

"तुह्ये सगळे रॅप आयकले म्या," मीराबाई म्हणाली. "वाघ आहे, सडक आहे, सरकार आहे. राग तं पोतंभर आहे! पण तूच सांगे ना, त्या रॅपमधी आपल्या माणसाचं नाव घेतात. मंग ज्यानं रोज घरी आणून सोडलं, त्याचं नाव तुह्या कोणत्या रॅपमधी आहे?"

"माय, आभार मानले की माणूस वाकते. मले वाकाचं नाई."

"कोणी सांगतलं तुले? विहारात आमी बाया गातो. बाबासाहेबाचं नाव घेतो, रमाईचं घेतो. आमी वाकतो का तेव्हा? उलट पाठ सरळ होते! ज्यानं माणसात आणलं, त्याचं नाव आपसूक तोंडात येते. अन् जे नाव घ्याले भैयाजीले येऊन सांगा लागते, ते नाव घेण्यासारखं नसते!" ती थांबली, मग हळू आवाजात म्हणाली, "अन् एक आयक. तू आभार मानाचे सोडले, म्हणून ते उघड्यावर पडले. उघड्यावर पडलेली वस्तू कोण उचलते? हे साहेबच उचलतात."

पिंकीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. चार वर्षं तिनं त्या गाण्यांतला राग तेवढा घेतला होता. शेवटच्या थांब्याच्या गाण्यातला हुंदका आणि त्यामागून येणारं नाव तिच्या कानात शिरलंच नव्हतं!

ती उठून चिंचेखाली गेली. सोमाजी विडी ओढत बसला होता.

"सोमाभाऊ, मले माफ करा."

"कायचं? बस आली, चांगलं झालं. मीच म्हातारा झालो, मले अंधारात दिसत नाई."

"खोटं नोका बोलू."

"बरं, नाई बोलत," सोमाजीनं विडी विझवली. त्याचे डोळे भरले होते. "एक शब्द सांगाचा होता ना वो. मी त्या झुडपाइत तुमच्या चपला शोधल्या."

पिंकी त्याच्या शेजारी मातीतच बसली. मग ती म्हणाली, "रविवारी जीप घेऊन या."

"साहेबाच्या मंडपात माही खटारा? भैयाजी हवा काढीन."

"ती आधीच गेली आहे. भरून आणा."

रविवारी मंडप सजला. फलकावर साहेबांचा फोटो बसपेक्षा मोठा. साहेब दुपारचे येणार होते, ऊन उतरताना आले. भाषणं झाली. सगळ्यांनी आभार मानले. खुर्च्या आणणाऱ्याचे सोडून. मग भैयाजीनं पिंकीला पुकारलं आणि कानाशी पुटपुटला, "तीनदा. ध्यानात ठेव."

पिंकी माइकवर आली. समोरच्या रांगेत तिच्याबरोबर बसनं जाणाऱ्या पोरी बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यांवर एकच भीती होती: बस जाईल का? तीच भीती तिलाही होती. तिनं डोळे मिटले, पायानं ताल धरला.

"दारात माह्या पाय पडे तोवर लाइट ज्यानं धरली,
त्या सोमाजीच्या जीपमधी आमची शाळा तरली!
टेंभे घेऊन फाट्यावरती उभ्या राह्यल्या माया,
त्याइच्या हातची आग होती, म्हणून वाचल्या काया!
चंचलचंबी नाव घेते, पहिला नंबर जिचा,
बस नोहोती म्हणून मोडला रस्ता शाळेचा तिचा!"

पोरींनी टाळ्यांचा ताल धरला. पिंकीनं बसच्या ड्रायव्हरचं नाव घेतलं, कंडक्टरचं घेतलं. मोडक्या रस्त्यानं गाडी आणतात, हात दाखवला की थांबवतात, तेही आपलेच! साहेब खुर्चीत पुढं सरकून बसले. आता आपलं नाव येणार!

"साहेब, तुमचं नाव घ्याले माही काई ना नाई,
एवढं सांगा, चार वर्षं बस काऊन आली नाई?"

माइक बंद पडला. पडला कसला, भैयाजीनं पाडला!

पण आता माइकची गरज कोणाला होती? मीराबाई उठली. विहारात गाणाऱ्या सगळ्या बाया तिच्यामागं उठल्या, आणि विहारात कडवं उचलतात तशी त्यांनी ती ओळ उचलली. बस काऊन आली नाई? बस काऊन आली नाई? मंडपाच्या मागं सोमाजी आपल्या जीपपाशी उभा होता. त्याला ना गाता येत होतं, ना टाळ्या वाजवायला हात उचलत होते. चार वर्षं तो जे करत आला तेच त्यानं केलं. जीपमध्ये बसला, आणि मंडपातल्या भर उजेडात लाइट लावला. सरळ पिंकीवर.

साहेब काय म्हणाले? म्हणाले, "मुलीत टॅलेंट आहे." घड्याळ पाहिलं, गाडीत बसले, गेले.

सोमवारी अख्खा गाव फाट्यावर उभा होता. पोरींच्या आया, ज्यांनी रविवारी रात्री पिंकीला "आमच्या पोट्टीचं शिक्षण बुडवलं तू" म्हटलं त्याही. बस आली. उशिरानं आली, पण आली. पोरी उतरल्या, तरी बस निघेना. रविवारचं गाणं ऐकलेला कंडक्टर खिडकीतून ओरडला, "त्या टोकाच्या पोरीचं घर कोणतं वो?" ड्रायव्हरनं बस तिरपी केली आणि लाइट पायवाटेवर धरला. टोल्याच्या टोकाला दारातला बल्ब दोनदा लागला, दोनदा विझला. तेव्हाच बस वळली.

सोमाजी आता फाट्यावर थांबतो. बस जिथं जात नाही त्या आतल्या टोल्यांच्या पोरी त्याच्या जीपमध्ये बसतात, आणि बसण्याआधी त्याला सांगून ठेवतात की उद्या कोण येणार, कोण नाही.

पिंकीचा राग गेला नाही. जाऊही नये! पण आता तो राग एकटा नाही, त्याच्यासोबत माणसांची नावं आहेत. बाबांनो, एवढंच शिका: हक्काच्या वस्तूसाठी हात जोडू नका, आणि अंधारात ज्यानं तुमच्यासाठी लाइट धरला त्याचं नाव चारचौघांत घ्यायला लाजू नका. ती नावं तुम्ही घेतली नाहीत, तर फलकावर दुसऱ्याचंच नाव येतं.

आणि साहेब, तुम्ही. मंडप उतरला, फलक कोणीतरी गोठ्यावर टाकला, पण पोरीचा प्रश्न तिथंच उभा आहे. बस अजून ट्रायलवर आहे म्हणता. ट्रायल कोणाची चालली आहे, बसची की आमची? चंचलची चार वर्षं कोणत्या गाडीनं परत येणार? टॅलेंट आम्हाला माहीत आहे. उत्तर द्या!