वालीचा प्रश्न

सिरसीच्या पंचक्रोशीत सुब्राय हेगडेंचा वाली म्हणजे वाली! ताळमद्दळेत, म्हणजे बसून रंगणाऱ्या यक्षगानात, सोंग नाही की नाच नाही. भागवतानं पद गायचं आणि समोरासमोर बसून दोघांनी एकमेकांना शब्दांनी लोळवायचं. समोरचा राम नेहमी परमय्य. तीस वर्षं दोघे भांडले, पण परमय्यांनी तेच उत्तर पुन्हा कधी दिलं नाही. "माझ्या पंगतीत शिळं वाढत नाहीत," हा त्यांचा तोरा.

मग सुब्रायांचे कान गेले. पुरते तरी जायचे होते मेले! मुलानं महागाचं यंत्र आणलं. आवाज मोठा झाला, बोलणं काही उलगडेना. एक शब्द अर्धाच यायचा. तो अंदाजानं जुळवून डोक्यात धरावा, तोवर दुसरा अर्धा. तो जुळवावा, तर पहिला निसटलेला. ओंजळीत मावतील त्याहून जास्त सुपाऱ्या घ्याव्यात, तसं व्हायचं. सगळं डोकं जुळवण्यातच खर्ची पडे. उत्तर सुचायला जागाच उरत नसे. तीन वर्षं ते बैठकीला फिरकले नाहीत.

"मला टाळ्या नकोत गं," ते बायकोला म्हणत. "परमय्याचं एक नवं उत्तर हवंय. जीव तुटतो त्यासाठी."

"मग घरात बसून ते मिळणार का? जा की मेलं एकदा!" गौरक्कानं शेवटी ठणकावलं.

परमय्यांकडे पूजा होती. तंबळीभाताची जेवणं उरकली आणि भर दुपारी ओसरीवर बैठक जमली.

छातीत बाण घेतलेल्या वालीनं विचारलं, "रामा, झाडाआडून का मारलंस?"

परमय्य बोलू लागले, आणि काय नवल! सगळं कळत होतं. धर्म, भरताचं राज्य, भावाची बायको, शब्दामागून शब्द जागेवर बसत होता. सुब्रायांनी अशी काही उत्तरं फेकली की ओसरी दणाणली. हरखून गेले हो! मग एकदम ध्यानात आलं, पुढचं वाक्य आपल्याला आधीच माहीत आहे. सिद्धापूरच्या देवळातला वीस वर्षांपूर्वीचा वाद, शब्दन् शब्द तोच; म्हणूनच कळत होता.

सुब्रायांनी हात वर करून वाद थांबवला. लोकांना वाटलं, पुन्हा ऐकू आलं नाही.

"रामा," ते म्हणाले, "मला शिळं वाढलंस?"

परमय्यांनी मान खाली घातली. मग सुब्रायांच्या कानाशी वाकून म्हणाले, "उपाशी उठशील म्हणून रे."

"थोडं वाढ. पण ताजं वाढ."

मद्दळ्यावरची थाप थांबली. परमय्य गुडघ्याला गुडघा लावून बसले. एकेक तुकडा सोडायचा, सुब्रायांनी मान हलवली की पुढचा.

"वाली... मी लपलो... कारण समोर येऊन... तुझं ऐकलं असतं... तर बाण... सुटलाच नसता."

सगळे तुकडे ओंजळीत राहिले. सुब्रायांनी ते पुन्हा एकदा मनात जुळवून पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. आज उत्तर सुचत नव्हतं, पण ते कानांमुळे नव्हे.