तात्यासाहेबांनी दिलेला पट

"मार," तात्यासाहेब म्हणाले.

चेंडू होलपासून वीतभरही लांब नव्हता. बोलता बोलता, डोळे मिटून कुणीही तो आत ढकलला असता. गोल्फमध्ये एवढ्या जवळचा शेवटचा हलका फटका, म्हणजे पट, समोरच्याने सोडून द्यायची रीत आहे. 'दिला' म्हणायचं, चेंडू आत गेला असं धरायचं आणि पुढे निघायचं. पण तात्यासाहेबांनी आजवर कुणाला पट दिला नव्हता. एकदा एका ब्रिगेडियरसाहेबांना त्यांनी चार बोटांवरून मारायला लावलं होतं, आणि तो पट नेमका चुकला. तेव्हापासून तर तात्यासाहेबांना चेवच आला होता.

बद्रीनाथने वाकून चेंडू आत ढकलला. पहिला होल बरोबरीत सुटला. बॅग खांद्याला लावताना त्याला बरं वाटलं. सव्वा महिन्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी वाटलं होतं.

सव्वा महिन्यापूर्वी त्याची बायको कस्तुरा काविळीने गेली. आठ दिवसांत सगळं आटोपलं. बद्रीनाथ रडला नाही. लासूर स्टेशनहून आलेल्या भावकीला त्याने चहा विचारला, दहाव्याला पैठणला जाऊन आला, तेराव्याला किती पानं धरायची ते आचाऱ्याला नीट सांगितलं. दाढ काढताना भूल दिली की गाल आपला असून आपला नसतो, तसं त्याचं झालं होतं. वाईट वाटत होतं असंही नाही. काहीच वाटत नव्हतं.

त्याच्याऐवजी लोकांनाच फार वाटत होतं. पाटबंधारे खात्यात तो आवक-जावक कारकून. हेडक्लार्कने त्याचं रजिस्टर उचलून दुसऱ्याच्या टेबलावर नेलं आणि म्हणाला, "तुम्ही नुसते बसा हो." रेशनच्या रांगेत बायका त्याला पुढे जाऊ देत. शेजारच्या सरूबाई दुप्पट तूप लावून पोळ्यांचा डबा पाठवत. ज्या सलूनवाल्याने वीस वर्षं राजकारण बोलून त्याचं डोकं खाल्लं, तो आता गुपचूप दाढी करून देई. सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलत. घरात एक माणूस गेलं की दोन, असा प्रश्न पडावा.

क्लबच्या हिवाळी स्पर्धेची फायनल महिनाभरातच आली. सेक्रेटरी स्वतः घरी आले आणि म्हणाले, पुढे ढकलू, घाई काय आहे. त्याच संध्याकाळी तात्यासाहेबांचा निरोप आला. रविवारी सकाळी साडेसहा, आला नाहीस तर मी जिंकलो. क्लबात सगळ्यांनी तात्यासाहेबांना नावं ठेवली. माणूस आहे का काय, म्हणाले. बद्रीनाथने मात्र तो निरोप दोनदा ऐकून घेतला, उठला, माळ्यावरची बॅग काढली आणि काठ्या पुसायला बसला.

त्या काठ्याही त्याच्या नव्हत्याच म्हणायच्या. एका इंजिनिअरसाहेबांना रविवारी खेळायला जोडीदार मिळेना, म्हणून त्यांनी आपल्या कारकुनालाच धरून छावणीमागच्या मैदानावर नेलं. पुढे साहेबांची बदली झाली. जुन्या सात काठ्या आणि नाद मागे राहिला. त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

मैदान तरी कसलं? पाणी नाही, म्हणून हिरवळ नाही. प्रत्येक होलभोवती वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून केलेला काळपट गोल, त्याला ब्राउन म्हणायचं. होल नऊच, दोनदा फिरलं की अठरा. या मॅचमध्ये एकूण फटके मोजत नाहीत. ज्याने कमी फटक्यांत चेंडू घातला, तो होल त्याचा. जास्त होल ज्याचे, तो जिंकला.

पहिली फेरी संपली तेव्हा तात्यासाहेब दोन होलनी पुढे होते. मोंढ्यात बियाण्यांचं दुकान, पासष्टी उलटलेली, पोट सुटलेलं, पण चेंडू मारतील तो सरळ. अकराव्या होलला बद्रीनाथचा चेंडू खुराच्या खड्ड्यात जाऊन बसला. गाईच्या खुरात चेंडू गेला तर उचलून बाजूला ठेवायचा, असा इथला नियम होता.

"उचलतो, तात्यासाहेब."

"थांब." तात्यासाहेब गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर घेतला. "हा गाईचा नाय. शेळीचा हाय."

"शेळीचा एवढा मोठा असतो व्हय?"

"मल्हारराव, इकडं या जरा."

ब्राउन सपाट ठेवणं हे मल्हाररावांचं काम. त्यांच्या घरी अजून मेंढरं होती. त्यांनी उभ्या उभ्याच खड्ड्याकडे पाहिलं.

"शेळीच. डाव्या पायानं लंगडायलीय." मग ते हळूच म्हणाले, "पण त्यांच्यावर एवढं झालंय, सायेब. घेऊ द्या की उचलून."

"त्याच्यावर काय झालं ते चेंडूला काय ठावं?" तात्यासाहेब म्हणाले. "हाय तिथून मार, बद्री."

मल्हाररावांनी मान खाली घातली. बद्रीनाथला हसू येता येता राहिलं. त्याने खुरातून कसाबसा चेंडू काढला, तो होल घालवला आणि तीन होलनी मागे पडून मनातून इतका खूश झाला की बारावा त्याने जिंकला.

जगात एक माणूस अजून असा होता, ज्याच्या लेखी तो पूर्वीचाच बद्री होता. वेडावाकडा फटका मारणारा आणि हरवायला मजा येणारा बद्री. एवढा एक माणूस आपल्याला राहावा, इतकंच त्याला त्या सकाळी हवं होतं. कपाचं काय, मिळो न मिळो.

तेरावा त्याने घेतला, पंधरावाही घेतला. बरोबरी झाली. तात्यासाहेब चिडून त्याला सावली बाजूला घ्यायला लावत होते, होलपासून लांब कोण, म्हणजे आधी पाळी कुणाची, यावरून पावलं मोजत होते. सोळावा बरोबरीत सुटला. सतराव्याला बद्रीनाथचा चेंडू ब्राउनच्या पार काठावर, होलपासून चांगला पंचवीस फूट. मल्हाररावांनी गोणपाट ओढून वाळू सपाट करून दिली. बद्रीनाथने मारला आणि चेंडू सरळ आत गेला. तात्यासाहेबांचा सोपा होता, पण तो चुकला. आयुष्यात पहिल्यांदा फायनलमध्ये बद्रीनाथ एका होलने पुढे होता.

"बघितलं का?" झेंडा परत लावता लावता तो म्हणाला. "पंचवीस फूट. घरी गेलो की सांगतो हिला."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग त्यालाच ऐकू आलं. छातीत काही झालं नाही. फक्त झेंड्याची काठी होलात बसेना, दोनदा बाजूलाच टेकली. तात्यासाहेब त्याच्याकडे बघत होते. एरवी ते म्हणाले असते, आधी अठरावा खेळ, मग गाव गोळा कर. आज ते काहीच बोलले नाहीत, आणि बद्रीनाथला भीती वाटली.

अठराव्याकडे जाताना जरा चढ होता.

"बॅग दे इकडं," तात्यासाहेब म्हणाले.

"कशाला? मी नेतो."

"दे म्हणलं तर."

"नको, तात्यासाहेब."

दोघं चढ चढले. अठरावा तात्यासाहेबांनी पाच फटक्यांत संपवला. बद्रीनाथचे चार झाले होते आणि चेंडू होलपासून चार फुटांवर होता. आत गेला तर मॅच आणि कप त्याचा. चुकला तर बरोबरी, मग पुन्हा एक होल. चार फुटांचे पट तो दोनातला एक चुकायचा, आणि हे तात्यासाहेबांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मल्हाररावांनी गोणपाट फिरवला आणि ते बाजूला झाले. बद्रीनाथने उकिडवं बसून रेष पाहिली. उजवीकडे थोडा उतार होता. तो उठला, पाय रोवले आणि 'मार' ऐकायची वाट बघत उभा राहिला.

"दिला," तात्यासाहेब म्हणाले.

मल्हाररावांच्या हातातला गोणपाट तसाच राहिला.

"काय म्हणालात?"

"दिला म्हणलं. जिंकलास तू, एका होलनं." तात्यासाहेबांनी टोपी काढून हात पुढे केला. आवाज हळू होता. हेडक्लार्कचा असायचा, सरूबाईंचा असायचा, तसाच.

"चार फूट हाय, तात्यासाहेब."

"दिसतंय मला."

"मला नको."

"दिलेला नको म्हणता येत नाय, तुला ठावं हाय. आन् मलाबी आता परत घेता येत नाय."

नियम तसाच होता. बद्रीनाथने त्यांचा हात हातात घेतला. जाड, कोरडा पंजा, आणि तो तात्यासाहेबांनी लवकर सोडला नाही. कस्तुरा खरंच गेली होती. भावकी आली, राख नदीत सोडली, रोज शेजारचा डबा आला, तरी जे त्याला कळलं नव्हतं ते आता कळलं. तात्यासाहेबसुद्धा पट देत होते, म्हणजे ती काही परत येत नव्हती. आता आपल्याला सगळं वाटणार, हेही त्याला कळलं, आणि ते नको नको झालं.

"मला मारायचाय," तो म्हणाला.

"मार की. पण धरणार नाय कुणी."

तात्यासाहेबांनी पाठ फिरवली आणि बॅगेचं बक्कल उगाच काढू-लावू लागले. मल्हाररावांनीही दौलताबादच्या बाजूला तोंड केलं.

बद्रीनाथ वाकला. डोळ्यांत पाणी, होल धड दिसेना. त्याने मारला. चेंडू वाळूवरून सरसरत गेला, होलच्या काठाला लागून वळला आणि दोन बोटं पुढे जाऊन थांबला.

"पडला का?" तात्यासाहेबांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"पडला," बद्रीनाथ म्हणाला.

होलात पत्र्याचा डबा पुरलेला असतो. चेंडू पडला की आवाज होतो आणि सकाळच्या शांततेत तो पार फाटकापर्यंत जातो. आवाज झाला नव्हता, आणि तात्यासाहेबांचे कान चांगले होते.

"मग चल," ते म्हणाले. "चहा घेऊ."