किडीची साक्ष

संग्रहालयाच्या दुरुस्ती विभागात तिला सगळे चिमटेबाई म्हणत. भूर्जपत्राचं पान ती चिमट्यानं असं उचले, की बघणाऱ्यानं श्वास रोखावा. एका दुपारी जुन्या वस्तूंचा दलाल दोन काचांमध्ये धरलेलं एक पान घेऊन तिच्या टेबलाशी आला. तिनं त्याला बघताक्षणी ओळखलं. त्यानं तिला ओळखण्याचं कारण नव्हतं. शेवटचं पाहिलं तेव्हा ती आठ वर्षांची होती.

तिचा बाप गवंडी. पडक्या विहाराजवळ पाया खणताना त्याच्या पहारीला मातीचा रांजण लागला. आत बुद्धवचनांच्या पोथीचा गठ्ठा. दलालानं गोड बोलून तो नेला, पान पान सुटं करून देशोदेशी विकलं, आणि चौकशी आली तेव्हा खुशाल सांगितलं, "गवंड्यानं चुलीत घातला." तेव्हापासून बाप 'पोथीजाळ्या' झाला. बाप गेला, नाव राहिलं.

"अस्सल आहे एवढं लिहून द्या, ताई. गिऱ्हाईक अडून बसलंय. आजोबांच्या पेटीतलं आहे."

"आजोबा वाचायचे?"

"छे हो! त्यांना स्वतःची सही वाचता येत नव्हती."

तीही हसली. "मग पेटीतलं म्हणून तेवढं लेखी द्या."

त्यानं झोकात सही ठोकली.

तिनं कपाटातून दुसरं पान काढलं. चौकशीत जप्त होऊन रिकामा म्हणून संग्रहालयात पडलेल्या त्या रांजणाच्या तळाला ते चिकटून राहिलं होतं. तिनंच ते सोडवलं होतं. दलालाला त्याचा पत्ता नव्हता. खालून उजेड असलेल्या काचेवर तिनं पानावर पान ठेवलं. किडीनं कधीकाळी गठ्ठा तीन ठिकाणी आरपार पोखरला होता. तिन्ही भोकं तंतोतंत जुळली. तीन ठिपके लख्ख उजळले.

"अस्सलच आहे. त्याच रांजणातलं. चुलीतून इतकं शाबूत कसं निघालं हो?"

दलालानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण?"

"पोथीजाळ्याची पोर."

"पोरी, ऐक... नकली लिही. नकली आहे म्हण."

"आत्ता तर अस्सल हवं होतं!"

त्यानं पानाकडे हात नेला. "हात लावू नका, काका. पुरावा आहे तो." तिनं घंटी दाबली. पहारेकरी येऊन दारात उभा राहिला.

अहवालात 'शोधणारा' या रकान्यात तिनं बापाचं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. मग कोरा कागद पुढे ओढला.

"बसा. बाकीची पानं कुणाकुणाला विकली, सांगा. एकेक करून. मला घाई नाही."