गटाची कमांड

तीन वर्षं राबून सोलेनला जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत नवा कण दिसला होता, कारण त्याच्या खुणा अपेक्षेपेक्षा जास्त होत्या. आज तिने यंत्रातल्या कणांच्या एकूण टकरींचा आकडा, म्हणजे ल्युमिनॉसिटी, काढणारी संगणकाची कमांड मोजमापाची अंतिम दुरुस्ती जोडून पुन्हा चालवली. आकडा वाढला. टकरी जास्त, तर खुणाही जास्तच येणार; म्हणजे अपेक्षाच कमी धरली होती. कसला कण, डोंबल!

"दुरुस्ती जोडलीच नव्हती, सर," ती गटप्रमुख प्रोफेसर रुटिशाउझरना म्हणाली. "गटात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही देता, तीच कमांड मी जशीच्या तशी वापरली."

त्यांच्या स्क्रीनवर नव्या कणाची घोषणा करणाऱ्या उद्याच्या व्याख्यानाचं पहिलं पान होतं. त्यावर त्यांचं एकट्याचं नाव होतं.

"कमांड माझी असेल गं, पण एंटर तूच दाबलंस ना?" असं म्हणत त्यांनी आपलं नाव खोडलं आणि तिथे तिचं घातलं.