दोघांची कयाक

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला नणंदेनं कयाकिंगची, म्हणजे छोट्या होडीतून वल्हवत बेटाला फेरी मारायची सहल भेट दिली, तेव्हा मी म्हटलं, "अगं, एखादी चादर दिली असतीस तर चाललं नसतं का?" पण मनातून मला ही सहल हवीच होती. एका नाटक कंपनीनं मला कपडेपटात मुख्य कटर म्हणून बोलावलं होतं. सहलीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी होकार कळवायचा होता आणि नवऱ्याला अजून याचा पत्ताच नव्हता. दुकानात विषय काढायची हिंमत होईना. बेटावर, मोकळ्या हवेत, जमेल असं वाटलं.

आमचं शिवणकामाचं दुकान म्हणजे एक खोली आणि एक लांब टेबल. अलीकडे मी कापते, पलीकडे हे मशीनवर शिवतात. लग्न झाल्यापासून आम्ही समोरासमोर बसून भांडतोय, आणि भांडता भांडता आमचा संसारही छान झालाय.

"काकू पुढे, काका मागे," ट्रेनर मुलीनं सांगितलं. "पुढच्यानं बघायचं, मागच्यानं वळवायचं." नणंद एकटीच्या कयाकमध्ये झोकात बसून पुढे निघूनही गेली.

"उजवीकडे घ्या!" मी ओरडले. कयाक डावीकडे वळली.

"अहो, उजवीकडे!" हे आणखी जोर लावून डावीकडे. खडकावर आरामात बसलेला एक पक्षी आम्हाला येताना बघून उडाला. आम्ही त्या खडकाला टेकलो, सुटलो, गोल फिरलो आणि पुन्हा त्याच खडकाला टेकलो. नणंद पोट धरून हसत होती.

"डावं-उजवं कळत नाही का तुम्हाला?"

"तू म्हणतेस तेच करतोय मी! दुकानात करतो तसंच!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानात मी "जरा उजवीकडे ओढा" म्हणते, तेव्हा कापड माझ्या उजवीकडे यायला हवं असतं, म्हणजे समोर बसलेल्या यांच्या डावीकडे. हे यांच्या अंगात इतकं मुरलंय की माझा शब्द कानावर पडला की हात आपोआप उलटा चालतो. आता दोघांची तोंडं एकाच दिशेला होती खरी, पण ते यांच्या हातांना कोण सांगणार?

मी सगळ्यांना हे समजावलं तेव्हा ट्रेनरला हसू आवरेना. नणंदेनं मात्र तोडगा काढला. "वहिनी, डावं-उजवं सोडा. बेटाला फेरीच मारायची आहे ना? मग 'बेट' आणि 'समुद्र' एवढंच म्हणा."

आणि काय सांगू, गाडी रुळावर आली! "बेट!" म्हटलं की बेटाकडे, "समुद्र!" म्हटलं की समुद्राकडे. कपारींतून, उथळ हिरव्या पाण्यावरून आम्ही असे निघालो की हे गुणगुणायला लागले. यांचा आवाज फाटका आहे, पण मी काही बोलले नाही.

बेटाच्या मागच्या बाजूला गोट्यांच्या किनाऱ्यावर कयाक ओढून ठेवल्या आणि टेकडी चढलो. वाट अरुंद होती, काटेरी झुडपं पोटऱ्या ओरबाडत होती. वर पोचेपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला. संत्री सोलत बसलो. चारी बाजूंना पाणीच पाणी. आता बोलायचं, असं मी ठरवलं. तेवढ्यात यांनी खिशातून सुईदोरा काढून ट्रेनरच्या पिशवीचा उसवलेला पट्टा शिवायला घेतला आणि मान वर न करता म्हणाले, "परत गेल्यावर टेबल खिडकीशी हलवू. तुला कापताना उजेड कमी पडतो."

 बोलायचं सोडून मी संत्र्याची फोड तोंडात टाकली. स्वतःचाच इतका राग आला की उतरताना मी नणंदेवरही खेकसले.

परतीच्या वाटेवर समुद्र शांत होता. नणंद आणि ट्रेनर बऱ्याच पुढे गेल्या होत्या. घरी जाऊन यांनी टेबलाला हात लावला असता, तर माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नसतं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

मागचं वल्हं थांबलं. दुकानात यांचं तोंड बघून मी पुढचं वाक्य फिरवते. इथे समोर नुसतं पाणी. मला भीती वाटली, अगदी खरी भीती.

"कधीपासून?"

"पुढच्या महिन्यापासून."

"मग कापणार कोण?"

"तुम्ही. मी शिकवीन. बाह्यांना तेवढे गडबडता."

"आणि समोर कोण बसणार?"

 मला रडू आलं, आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

मागून आवाज आला, "मुख्य कटर म्हणाले ना? नुसती कटर नाही?"

"मुख्य."

"मग जा. जायलाच हवं. मी थोडे दिवस रुसेन, तेवढं चालवून घे."

हे बोलताना यांचा चेहरा कसा झालाय, ते मला बघायचंच होतं. मी गर्रकन वळले. कयाक कलंडली, पाणी मांडीपर्यंत आलं.

"अगं, वळतेस काय!" हे वल्ह्यानं तोल सावरत ओरडले. "मागे मी आहे ना? तू पुढे बघ."