वायफाय बंद करून दाखवा

"काका, तुमचो वायफाय बंद करून ह्यो डबो चालवून दाखवशात काय?"

हा प्रश्न विचारून दाखवायची पैज संचिताशी मैत्रिणींनी घातली होती. "कुडाळच्या दुकानात गेलंस काय दातखीळ बसतली तुझी," म्हणून त्या खिदळल्या होत्या. आता दुकानदारही हसला. बाबांनी टीव्हीला जोडायचा, जाहिरातीतला चकचकीत डबा जवळजवळ पसंत केलाच होता.

"गप रव गो," आई पुटपुटली.

पण संचिता कसली हटते! मिठबावातल्या त्यांच्या घरी रेंज मिळायची मारामार, आणि बाबांनी जत्रेजत्रेत फिरून चित्रित केलेले दशावताराचे खेळ तिला टीव्हीवर लावायचेच होते. त्यातला एक तिने पेनड्राइव्हवर सोबत आणला होता.

दुकानदाराने वायफाय बंद केला. पेनड्राइव्ह लावला तरी चकचकीत डबा इंटरनेट शोधत नुसतं चक्र फिरवत बसला. मग तिने शेजारचा काडेपेटीएवढा, लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीवर चालणारा डबा जोडायला लावला. तोच पेनड्राइव्ह लावताच पडद्यावर काळाकुट्ट संकासुर उड्या मारायला लागला. मृदंग ऐकून बाबांच्या पायाने आपसूक ठेका धरला.

"खेळ बरो दिसता," दुकानदार म्हणाला, "पण ह्याचा सेटिंग आपला आपण करूचा लागता. तुमका जमात?"

बाबा घुटमळले. त्यांचा हात परत चकचकीत डब्याकडे गेला.

तेवढ्यात संचिताने लहान डबा उचलून छातीशी धरला. "बाबा, आये, ह्योच आपल्या घराक येतलो. बसवतलंय मी, आणि बिघडलो तर दुरुस्त पण मीच करतलंय!"